घाईतलं पाणी

धंतोलीत राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी घरमालकिणीच्या अंगणात ठोकलेले सगळे खिळे उपटून काढले, राखेनं घासले आणि डब्यात भरून त्यांच्या हातात नेऊन दिले.

मला वाटलं होतं, खूश होतील. अंगण उताराचं होतं, मागच्या भिंतीपासून फाटकाकडे हळूहळू उतरत जाणारं, आणि त्या उतारावर ओळीनं हातभर लांबीचे खिळे. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लोखंडी चकती. अनवाणी पायात घुसला तर धनुर्वात ठरलेला. शिवाय मी नवा भाडेकरू, साताऱ्याकडचा, नागपुरात कुणी ओळखीचं नाही. आपण नुसते भाडं देणारे नाही, कामाचे आहोत, हे लवकर दाखवलेलं बरं, असा विचार.

त्यांनी झाकण उघडलं, एक खिळा उचलून उजेडात धरला. "छान घासलेत," म्हणाल्या. मग तो परत आत ठेवला. "हे पावसाळे होते हो. किती वर्षांचे मी इथं रोवून ठेवले होते, तुम्ही डब्यात भरून आणलेत."

मग मला कळलं ते असं. खिळा ठोकताना ती चकती जमिनीला टेकवून ठेवायची. पावसानं माती वाहून गेली की चकती जमिनीबरोबर खाली उतरते, खिळा मात्र होता तिथंच राहतो. खिळ्याचं डोकं आणि चकती यांच्यामध्ये जेवढी फट, तेवढं अंगण फाटकातून बाहेर चालत गेलं. बाईंच्या अंगणाचं सगळं चरित्र त्या फटींमध्ये होतं आणि मी ते राखेनं घासून चकचकीत केलं होतं.

रागावल्या मात्र नाहीत. राग त्या खर्च करत नसत, साठवत असत, आणि पुढे अंगमेहनतीच्या रूपानं समोरच्याकडून वसूल करत. "रविवारी रिकामे असता ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मला वाटलं जेवायला बोलावतायत. हो म्हणालो. त्या एका 'हो'नं माझे पुढच्या कित्येक वर्षांचे रविवार गेले.

त्यांना सगळे बाईच म्हणत. शाळेतल्या मुली म्हणत, दूधवाला म्हणे, कामठी बसचा कंडक्टर म्हणे, आणि तिकडे घरात थोरल्या बहिणीला बाई म्हणायची रीत म्हणून त्यांचा धाकटा भाऊही बाईच म्हणे. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर, "वेळ झाला नाही, जमीन वाहून चालली होती," म्हणत. साडीखाली कॅनव्हासचे पुरुषी बूट घालत. हातात छत्री असे, पण पाऊस आला की ती मिटत. छत्रीत उभं राहिलं की पाऊस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. भर सरीत त्या आपल्याच भिंतीपुढे उकिडव्या बसून थेंब जमिनीवर आपटून माती किती उंच उडते ते पाहत. त्यासाठी भिंतीच्या खालच्या भागाला त्यांनी कधी चुना लागू दिला नाही. दिवाळीला रंगारी यायचा, कमरेच्या वर रंगवायचा आणि हातात ब्रश धरून खालच्या मळक्या पट्ट्याकडे हळहळत बघत निघून जायचा.

मी एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तो गिरवायचा. समान उंचीच्या रेषा मी रोज मैलोन्‌मैल काढत असे. डोंगर, दऱ्या, उतार, सगळं माझ्या निबेखालून गेलेलं, पायाखालून काही गेलेलं नव्हतं. बाईंना हे समजल्यावर त्यांनी मला 'नकाशेवाले' असं नाव दिलं आणि ते शेवटपर्यंत चालवलं.

धंतोली म्हणजे तेव्हाही दवाखान्यांची वस्ती. सगळ्या विदर्भातून माणसं आजारी माणूस घेऊन येत आणि नातेवाईक आमच्या गल्लीतल्या पायऱ्यांवर डबे उघडून बसत. कुणी पाणी मागायला फाटकात आला की बाई पाणी देत, पण आधी त्याच्या चपलांकडे बघत. पेशंटला काय झालं, हे विचारायच्या आधी तळव्याला लागलेल्या चिखलावरून माणूस कुठला ते सांगत. काळा, चिकट, वाळून भेगाळलेला चिखल असला की अकोल्याकडचा. तांबूस, वाळूमिश्रित असला की भंडारा-चांद्याकडचा. माणसं चाट पडत. दवाखान्यात डॉक्टरही इतक्या लवकर काही सांगत नाही, म्हणत.

एकदा त्यांचं चुकलं. एका गृहस्थाला त्यांनी चांद्याकडचा ठरवला आणि तो म्हणाला, मी तर इतवारीतला, जन्मात कधी नागपूर सोडलं नाही. मला फार आनंद झाला. पण बाई चपलांवरून नजर हलवायला तयार नाहीत. "चप्पल कुणाची?" म्हणाल्या. तो ओशाळला. दवाखान्याच्या दारातून घाईत मेहुण्याची घालून आला होता. मेहुणा कुठला, तर चांद्याचा. बाईंनी त्याला पाण्याबरोबर गूळही दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती चप्पल चोरून आणली होती.

त्यांच्या घरात पाणी पिणंसुद्धा जोखमीचं. एकदा उन्हातून आलो, स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या उंच बरणीत नितळ पाणी दिसलं, घटाघट प्यालो. तळाशी गाळ होता, पण मला वाटलं वाळा घातला असेल. बाई आत आल्या, बरणी पाहिली आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "नकाशेवाले, तुम्ही मागच्या वर्षीचा पूर प्यालात." कन्हान नदीचं पुराचं पाणी त्यांनी भरून आणलं होतं, त्यात माती किती आहे ते बसून बघायला. वर्षभर ते निवळत ठेवलं होतं. मला चार दिवस पोटात गुरगुर होत होती आणि बाई रोज सकाळी चौकशी करत. पण ती माझ्या प्रकृतीची की पुराची, हे मला कळलं नाही.

त्यांच्या टेबलावर एक गोल दगड असे, डोक्याएवढा. नेहमीचा काळाच, पण कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. बोटानं ओढला की पापुद्रा निघायचा, आतून पुन्हा गोल दगड. "हा कुजतोय," त्या म्हणत. ऊन, पाणी, थंडी, झाडाची मुळं, सगळे मिळून त्याला वरून सोलत आणतात. सोललेल्याचा मुरूम होतो आणि मुरुमाची, कुणी घाई केली नाही तर, माती होते. "दगड म्हणजे घाई नसलेली माती," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि त्याच्या जोडीचं दुसरं, जे त्या दिवसातून एकदा तरी म्हणत: "घाईतलं पाणी चोर असतं." सावकाश चाललेलं पाणी जमिनीत मुरतं, काही नेत नाही, पळणारं पाणी हाताला लागेल ते उचलून पळतं. शाळेत हे शिकवताना त्यांनी टेबलावर मातीचा डोंगर रचला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मुलींना नदी, दरी, गाळ सगळं एका तासात समजलं. त्या गाळात वर्गाचं हजेरीपत्रकही गेलं आणि मुख्याध्यापिकाबाई पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या ते महिनाअखेरपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

आता रविवारचं सांगतो.

कन्हानच्या अलीकडे, नदीकाठी, बाईंच्या वडिलोपार्जित शेतीचा एक तुकडा होता. निम्मा बाईंचा, निम्मा धाकट्या भावाचा. कसत होता भाऊच. काळी, खोल जमीन. दोघांच्या वाटण्यांमधून नदीकडे उतरणारी पांदण, म्हणजे बैलगाड्यांची वाट. पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांची चाकं त्याच वाटेनं गेलेली. चाकोऱ्या पडल्या, चाकोऱ्यांतून पावसाचं पाणी पळालं, पांदण खचत खचत माणसापेक्षा खोल गेली. नदीकडच्या टोकाला तर तिची घळच झाली होती, आणि ती घळ दर पावसाळ्यात मागे मागे, शेताकडे सरकत होती. तिच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर एक कडुनिंब आणि कडुनिंबाच्या मागे शेतातली एकुलती एक विहीर.

बाईंना ती घळ थांबवायची होती. गाववाल्यांना सांगून पाहिलं की गाड्या दुसऱ्या वाटेनं न्या. त्यांनी मान डोलावली आणि गाड्या त्याच वाटेनं नेल्या. मग बाईंनी घळीतच आडवे बंधारे घालायला घेतले. खाली दगड, आणि दगडांच्या मागे बेशरमाच्या काड्या दाट रोवायच्या. बेशरम म्हणजे तिकडे कुठंही, उकिरड्यावरसुद्धा रुजणारं ते जांभळ्या फुलांचं झुडूप. गुरं तोंड लावत नाहीत आणि काडी उलटी रोवली तरी जगते. आणि हे मी जबाबदारीनं सांगतोय, कारण मी बऱ्याच उलट्या रोवल्या.

तर दर रविवारी कामठीच्या बसमध्ये बाई, मी आणि बेशरमाचे भारे. कंडक्टर दर वेळी अडवायचा. एकदा कुणीतरी प्रवासी वैतागून म्हणाला, "बाई, ये बेशरम कहाँ ले जा रहे?" बाई म्हणाल्या, "माहेरी." सगळी बस माझ्याकडे बघून हसली. माझ्या हातात तेव्हा भारा नव्हता, हे मी इथं नमूद करतो.

शेतावर धाकटे भाऊ असायचे. किडकिडीत, कायम कपाळाला आठी, गावात वादविवादाला बोलवायचा माणूस. ते बंधाऱ्यांना कधी हात लावत नसत. निंबाखाली बसून आमच्याकडे बघत आणि मला 'ओव्हरसियर साहेब' म्हणत. मी ट्रेसर आहे असं दोन-तीनदा सांगितलं, पण त्यांना त्यात फरक दिसला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नदीकाठच्या एका वीटभट्टीवाल्याला माती हवी होती. कमरेइतक्या खोलीपर्यंत वरची काळी माती तो उचलून नेणार होता. बाईंची सही मिळाली की काम सुरू.

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, हा विषय दोघांत समोरासमोर निघाला. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणाऱ्या बाई भावाशी बोलताना घरच्या बोलीवर येत.

"कमरेइतकी माती व्हायले किती जमाना लागते, तुले ठाऊक आहे का?"

"मले नाही ठाऊक," भाऊ म्हणाले. "जायले किती लागते ते मात्र रोज दिसून राहिलं. नाहीतरी नदीले जाऊनच राहिली, तं भट्टीवाल्याले जाऊ दे ना. नदीनं कधी घर बांधून देल्लं का कोनाले?"

भावाचं चूक होतं असंही नाही. दर साली शेताची कड आत येत होती, विहीर गेली तर ओलीत, म्हणजे पाणी देऊन काढायचं पीक, जाणार, आणि मग त्या जमिनीत राहण्यासारखं काय उरणार, हे त्यांना आमच्यापेक्षा रोज दिसत होतं. शेवटी बाईंनी बोट दाखवलं ते निंबाकडे. यंदाच्या दसऱ्यापर्यंत निंब उभा राहिला तर भट्टीचं नाव काढायचं नाही. निंब घळीत गेला तर त्या मुकाट्यानं सही करतील. भाऊंनी निंबाच्या मुळ्यांकडे पाहिलं. त्यातल्या दोन-तीन आधीच घळीच्या कडेला हवेत लोंबत होत्या. "चालते," म्हणाले.

बंधाऱ्यांनी घळीचं पोट भरत होतं, पण वरून येणारं पाणी थांबत नव्हतं. बाईंनी ठरवलं की निंबाच्या वरच्या अंगाला एक चर खणायचा. पांदणीतून धावत येणारं पाणी घळीच्या तोंडाआधीच चरात घ्यायचं आणि अगदी सौम्य उतारानं बाजूच्या कुरणात सोडून द्यायचं. गवतात ते आपोआप चालायला लागतं. फक्त चराचा उतार कुरणाकडे हवा, आणि तिथली जमीन इतकी सपाट की नुसत्या डोळ्याला कळेना कुठली बाजू वर आणि कुठली खाली.

इथं मी तोंड उघडलं. म्हणालो, कचेरीत उंची मोजायची दुर्बीण आहे, एका रविवारपुरती आणतो.

आणली. तिपाईवर बसवली, बाईंना दूर पट्टी धरून उभं केलं. भाऊ निंबाखालून उठून आले, त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "हिच्यात तं बाई डोक्यावर उभी दिसून राहिली." जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे मी त्यांना शास्त्र म्हणून समजावलं. आवाज जरा वरचाच लावला होता. मग मी आकडे वाचत गेलो, खुंट्या मारत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दुर्बिणीतून पाहत होतो, हे सांगायची संधी मिळाली नाही. कुणी विचारलंही नाही.

आता यातली मेख अशी. पट्टी खालच्या जागी उभी केली की तिच्यावर मोठा आकडा दिसतो आणि उंचावर उभी केली की लहान. पट्टी खाली गेली, म्हणजे आपल्या नजरेसमोर तिचा वरचा भाग येणार. लहान मुलालाही कळेल. मला कळलं नाही. मोठा आकडा म्हणजे मोठी उंची, असं मी धरून चाललो. उंचीच्या रेषा गिरवण्यात हयात गेलेला माणूस, त्याला कोण हटकणार? बाईंना एकदा शंका आली होती. मला वाटतं कुरणाकडची बाजू वर दिसतेय, असं त्या पुटपुटल्या. मी म्हणालो, डोळे फसवतात, यंत्र फसवत नाही. बाई पट्टी घेऊन पुढच्या जागी गेल्या. पुढे कधी हा विषय निघाला की त्या स्वतःलाच दोष देत. जन्मभर डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि नेमका त्या दिवशी नकाशेवाल्यांवर ठेवला, म्हणत.

मे महिन्याच्या उन्हात आम्ही तो चर खणला. मी आणि बाई. हाताला फोड आले, ते फुटले, परत आले. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर क्षितिजावर सरळ उभा असे, वारा नावाला नाही. बाईंची कुदळ थांबत नसे. मी दर थोड्या वेळानं पाणी प्यायला जाई आणि परत येऊन पाहावं तर त्या माझ्या वाटणीतलंही खणून पुढे गेलेल्या. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं असेल. इतक्या निर्धारानं खणलेला इतका सुबक चर मी पुन्हा पाहिला नाही. नुसता उलटा होता.

आषाढात एका रविवारी आम्ही बसमधून उतरलो आणि पाऊस कोसळायला लागला. शेतावर पोचेपर्यंत पांदण ओढ्यासारखी वाहत होती. बाईंनी छत्री मिटली. भाऊ निंबाखाली पोतं डोक्यावर घेऊन उभे होते. आम्ही चराच्या तोंडाशी गेलो. पांदणीतलं लाल-काळं पाणी फेसाळत आलं, चरात वळलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. हे खरं आहे. भर पावसात, चिखलात उभा राहून मी टाळ्या वाजवल्या.

पाणी चरात शिरलं, कुरणाकडे थोडंसं गेलं, थबकलं, जणू विचार केला, आणि मागे फिरलं. चर मी घळीकडे उतरता करून ठेवला होता. आजवर घळीत पसरून पडणारं पाणी आता आम्ही स्वतः खणून दिलेल्या वाटेनं एकवटून थेट निंबाच्या बुंध्यावर निघालं. टाळ्या वाजवणारे माझे हात तसेच एकमेकांत राहिले.

बाई धावल्या. मी धावलो. चराच्या तोंडावर दगड टाकू लागलो, पाणी ते दगड आमच्या पायांवर परत आणून टाकत होतं. घळीच्या काठाचा एक मोठा लचका भसकन खाली गेला आणि निंब आमच्या डोळ्यांसमोर एका बाजूला कलला. त्याच्या मागे विहिरीचा चौथरा दिसत होता, त्याच्या पायातली माती चहात बुडवलेल्या पावासारखी भिजून सुटत होती.

भाऊ अजून तसेच उभे होते. हे मला नेहमी आठवतं. त्यांना काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. थोड्या वेळात निंब पडला असता, बाईंनी शब्दाप्रमाणे सही केली असती आणि त्यांच्या मनासारखं झालं असतं. बाईंनी त्यांना हाक मारली नाही. मारणारही नव्हत्या. शब्द म्हणजे शब्द.

मग भाऊंनी माझ्या सबंध घराण्याविषयी एक वाक्य उच्चारलं, ते लिहिता येण्याजोगं नाही, डोक्यावरचं पोतं फेकलं आणि फावडं घेऊन वर धावले. आमच्याकडे आलेच नाहीत. ते गेले वर, पांदण अजून उथळ होती तिथं, तिच्या पलीकडच्या काठाला, जिथं त्यांच्या स्वतःच्या वाटणीचं शेत होतं. दोन शेतांमधला उंच मातीचा बांध, तिकडे त्याला धुरा म्हणतात, त्यांनी फावड्यानं फोडायला घेतला. धुऱ्यासाठी त्या भागात भाऊ भावाशी बोलत नाही, नांगर हातभर सरकला तर पिढ्या कोर्टात जातात. आणि हा माणूस आपल्या हातानं आपला धुरा फोडत होता. पलीकडे नुकतीच उगवून आलेली कपाशी, बोटाएवढी, ओळीच्या ओळी.

बाई ओरडल्या, "बाबू, पेरा जाईन."

भाऊंनी वरही पाहिलं नाही. "पेरा पुढच्या साली होते वं. विहीर होत नाही."

धुरा फुटला. पांदणीतलं पाणी क्षणभर दोन्हीकडे ओढलं गेलं आणि मग सगळंच्या सगळं त्यांच्या शेतात वळलं. कपाशीच्या ओळी डोळ्यांदेखत आडव्या झाल्या. पण शेत रुंद होतं, सपाट होतं. पाणी त्यात पसरलं, पातळ झालं, आणि चालायला लागलं. चरातला लोंढा ओसरला. बाई भावाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या फावड्यानं भगदाड रुंद करू लागल्या. मीही पुढे झालो, तेव्हा दोघांनीही एकदमच मला हातानं तिथंच थांबायची खूण केली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो.

पुढच्या रविवारी नवा चर आखला. भाऊंनी तो कसा आखला? चराच्या ओळीत तांब्यानं पाणी ओतलं आणि ते कुठं जातं ते बघत बसले. बाई म्हणाल्या, मुलींना हेच शिकवते मी, टेबलावर, आणि इथं मला ते सुचू नये. त्यानंतर श्रावणात, भादव्यात दोघं भावंडं घळीत उतरून बंधारे घालत. भांडत भांडत घालत. दगड कुठं लावायचा यावरून, काडी किती खोल रोवायची यावरून. भाऊंनी गावातल्या गाडीवाल्यांना वेगळी वाट धरायला लावली. बाईंनी वर्षानुवर्षं समजावून जे झालं नव्हतं, ते त्यांनी पांदणीच्या तोंडाशी आडवी खाट टाकून त्यावर बसून केलं. कुणी गाडी घेऊन आला की म्हणत, "ने, ने. माह्या अंगावरून ने." कुणी नेली नाही.

मला दगड वाहायचं काम होतं. कुठं ठेवायचे हे सांगायला कायम कुणीतरी बरोबर असे.

दसऱ्याला भट्टीवाला आला. आम्ही विहिरीच्या चौथऱ्यावर बसलो होतो. काय ठरलं, असं त्यानं विचारलं. बाईंनी नजर भावावर ठेवली. भाऊंनी निंबाकडे मान वळवली. वाकडा, अर्ध्या मुळ्या उघड्या, बुंध्याला दगडांचा टेकू दिलेला. "उभा हाये," म्हणाले. भट्टीवाल्याला काही उमगलं नाही. त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवून त्याला वाटेला लावलं. त्या साली त्या शेतात कपाशीचं बोंड दिसलं नव्हतं आणि हिवाळ्यात भाऊ दुसऱ्याच्या शेतावर राबायला गेले, हे मला नंतर कळलं, तेही बाईंकडून. भाऊंनी स्वतः तो विषय कधी काढला नाही.

बाई पुढे निवृत्त झाल्या आणि शेतावरच राहायला गेल्या. धंतोलीच्या घरात मी एकटा उरलो. फाटकात कुणी पाणी मागायला आलं तर चपलांकडे बघून मीही गाव ओळखायचा प्रयत्न करी. बुलढाण्याच्या माणसाला मी एकदा गोंदियाचा ठरवला. तो चप्पल काढून हातात घेऊन, पाणी न पिताच निघून गेला.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला शेतावर गेलो. घळीच्या तळाशी आता गाळ साठून सपाटी झाली होती आणि बेशरमाच्या रानात ती कुठं सुरू होते तेही पटकन कळत नव्हतं. बाई तिथंच कुठंतरी आत होत्या, फक्त कुदळीचा आवाज येत होता. भाऊ चौथऱ्यावर बसून माझ्यासाठी चहा ओतत होते. केस पिकले होते, आठी तशीच.

मला अशा वेळी दोन शब्द बोलायची खोड आहे. म्हणालो, इतकी वर्षं इथं आलो, हाताला घट्टे पडले, पण समाधान आहे. आणि खरं सांगायचं तर, भाऊसाहेब, मी तो चर उलटा काढला नसता तर तुम्ही फावडं उचललंच नसतं. म्हणजे एका अर्थी हे शेत वाचलं ते माझ्या चुकीमुळेच, नाही का?

कुदळीचा आवाज थांबला. बाई ऐकत असाव्यात.

भाऊंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "शेत आमी वाचोलं, साहेब," ते म्हणाले. "नदीपासून बी अन् तुमच्यापासून बी. त्यात नदी सोपी गेली."